रुळांच्या कडेला दिसतं ते काय असतं? ओळखण्याची एक पक्की रीत

गाडी स्टेशनात शिरताना हळू होते. तेव्हा खिडकीतून खाली पाहिलं तर किती वस्तू दिसतात! कुलूप लावलेली चंदेरी कपाटं, रुळाच्या अंगाला बोल्टने घट्ट बसवलेले ठोकळे, खांबाला टांगलेली लोखंडी वजनं, एकच अक्षर लिहिलेल्या गोल पाट्या. यातली एकही वस्तू उगाच ठेवलेली नाही. प्रत्येकीचं काम नेमलेलं आहे, तिच्या तपासणीचं वेळापत्रक आहे, आणि ती बिघडली तर भर पावसात रात्री दोन वाजता कुणाला तरी टॉर्च घेऊन तिच्यापाशी जावं लागतं. आपण ज्या गाडीत निर्धास्त झोपतो, ती या वस्तूंच्या भरवशावर धावते. म्हणून त्या ओळखता याव्यात असं मला मनापासून वाटतं.

नावांची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही. एकाच कामाचं यंत्र पाच कंपन्या बनवतात आणि पाचही वेगळी दिसतात. त्यापेक्षा वस्तूचं मालक खातं शोधावं. रुळालगतच्या जवळजवळ सगळ्या वस्तू तीन खात्यांत वाटल्या जातात. रूळ, रुळांखालचे आडवे स्लीपर, खडी, पूल, बोगदे हे इंजिनिअरिंगचं, म्हणजे रेल्वेच्या बोलीत ‘पीवे’वाल्यांचं. सिग्नल, मार्ग बदलण्याचे सांधे फिरवणारी यंत्रं आणि टेलिफोन ‘एस अँड टी’चे. वरच्या विजेच्या तारा आणि त्यांचा सगळा पसारा ‘टीआरडी’चा. खातं कळलं की निम्मं काम कळतं. उरलेलं निम्मं वस्तूच्या जागेवरून आणि शेजाऱ्यांवरून कळतं.

आधी उभं कुठे राहायचं ते

हे निरीक्षण फलाटावरून, पादचारी पुलावरून, फाटकाच्या बाहेरून किंवा गाडीच्या खिडकीतून करायचं. रुळांवर उतरायचं नाही, कडेच्या पायवाटेवरूनही चालायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेपेक्षा मोठं कारण म्हणजे विजेवरची गाडी फार कमी आवाज करत येते, आणि दोन मार्गांच्या मध्ये उभ्या माणसाला दुसऱ्या बाजूची गाडी ऐकूच येत नाही. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. त्या तारेपासून दोन मीटरच्या आत माणूस किंवा त्याच्या हातातली कोणतीही वस्तू जाता कामा नये. त्यामुळे पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढणं पूर्णपणे वर्ज्य.

फलाटाचं टोक ही सर्वांत चांगली जागा. सांधे, सिग्नल, कपाटं सगळं तिथून जवळ दिसतं. फलाटाचा उतार जिथे सुरू होतो तिथेच थांबावं. छोटी दुर्बीण असेल तर उत्तम.

पहिली पायरी: जागा वाचा

कोणतीही वस्तू दिसली की आधी जवळच्या विजेच्या खांबावरचा आकडा टिपा. ‘११२/१४’ असं काही लिहिलेलं असतं. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. दुहेरी मार्गावर एका बाजूच्या खांबांना सम आणि दुसऱ्या बाजूच्यांना विषम क्रमांक असतात. मध्य रेल्वेचे किलोमीटर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजले जातात, पश्चिम रेल्वेचे चर्चगेटपासून. रूळ तडकला, झाड पडलं, जनावर आडवं आलं, सगळ्याचा ठावठिकाणा याच आकड्यांत कळवला जातो. पुलांचे आणि मोऱ्यांचे क्रमांकही याच धाटणीचे असतात: किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला कितवा पूल.

जागा कळली की पुढचा प्रश्न: ही वस्तू स्टेशनाच्या तोंडाशी आहे, फाटकाजवळ आहे, की दोन स्टेशनांच्या मधोमध निर्जन भागात? स्टेशनाच्या तोंडाशी दिसणाऱ्या अनोळखी वस्तू बहुतेक एस अँड टीच्या निघतात. निर्जन भागातल्या बहुतेक पीवेच्या किंवा टीआरडीच्या.

दुसरी पायरी: ती कशाला बांधली आहे आणि तिची तार कुठे जाते?

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

रुळाच्या उभ्या भागाला बोल्टने घट्ट बसवलेले छोटे ठोकळे दिसले, एक रुळाच्या बाहेरच्या अंगाला आणि त्याच्या बरोबर समोर दुसरा आतल्या अंगाला, तर तो ॲक्सल काउंटर. बाहेरचा ठोकळा चुंबकीय क्षेत्र सोडतो, आतला ते पकडतो. मधून लोखंडी चाक गेलं की ते क्षेत्र बदलतं आणि एक आकडा मोजला जातो. नीट पाहिलं तर अशा दोन जोड्या एकमेकींना लागून दिसतील. आधी कोणती जोडी जागी झाली त्यावरून गाडीची दिशा कळते. ठोकळ्यांच्या दोन्ही बाजूंना तिरप्या लोखंडी पट्ट्या असतात. डब्याखालून काही लोंबत आलं तर ते पट्टीवर आपटून वर उचललं जावं आणि यंत्र वाचावं, ही त्यामागची योजना. ठोकळ्यांच्या केबल खडीतून निघून कडेच्या गोल टोपणाच्या छोट्या पेटीत जातात, आणि तिथून जमिनीखालून स्टेशनाकडे.

काम अगदी सरळ आहे. मार्गाच्या एका टुकड्यात जितकी चाकं शिरली तितकीच बाहेर पडली तर टुकडा मोकळा. आकडा जुळला नाही, तर मधे काहीतरी उरलं आहे असं धरलं जातं आणि सिग्नल लालच राहतो. मालगाडीचा शेवटचा डबा सुटून मागे राहिला तर त्याची खबर अशीच लागते. रुळावर पाणी साचलं तरी मोजणी चालू राहते, हा त्याचा मोठा गुण.

याच कामाची जुनी आणि अजूनही भरपूर वापरात असलेली पद्धत म्हणजे ट्रॅक सर्किट. त्याची खूण ठोकळा नव्हे, तार. रुळाच्या बुडाला जोडलेल्या बारीक तारा कडेच्या लहानशा पेटीत गेलेल्या दिसतील. टुकड्याच्या एका टोकाला वीज सोडलेली असते, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे त्या विजेने धरून ठेवलेला स्विच असतो. गाडी आली की चाकं आणि धुरा दोन रुळांना जोडतात, वीज मधूनच परतते, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की तार तुटली, बॅटरी संपली तरी रिले पडतोच. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, चुकून पुढे जात नाही. रेल्वेच्या सिग्नलांचा हा पाया आहे आणि या पायावर कुणी तडजोड करत नाही.

एका टुकड्याची वीज पुढच्यात जाऊ नये म्हणून रूळ कापून मध्ये विद्युतरोधक थर घालतात आणि जोड गोंदाने पक्का करतात. हा ‘ग्लूड जॉइंट’. साध्या जोडाला बहुधा चार बोल्ट असतात, याला सहा, आणि रुळांच्या फटीत वेगळ्या रंगाचा पातळ थर दिसतो. असा जोड दिसला की समजावं, इथे सिग्नलचा एक टुकडा संपून दुसरा सुरू झाला. काही मार्गांवर रूळ न कापताही टुकडे पाडतात. तिथे वेगवेगळ्या वारंवारतेचे संकेत सोडतात आणि दोन रुळांच्या मध्ये वळण घेत गेलेली जाड केबल दिसते.

आता तारांच्या जाडीकडे लक्ष द्या, कारण खातं ओळखण्याची ही हमखास खूण आहे. साध्या जोडावर दोन रूळ जोडणाऱ्या बारीक तारा एस अँड टीच्या. विजेच्या खांबाच्या पायथ्यापासून रुळापर्यंत आलेली चपटी लोखंडी पट्टी टीआरडीची. इंजिनाने वरून घेतलेली वीज काम करून चाकांवाटे रुळात उतरते आणि परत जाते, त्यामुळे रूळ हाही तिच्या वाटेचा भाग असतो. ती पट्टी सुटलेली दिसली तर ते धोकादायक आहे.

सिग्नलची वीज आणि इंजिनाची परतीची वीज एकाच रुळातून जात असेल तर त्यांची फारकत कशी करायची? दोन्ही रूळ जिथे ग्लूड जॉइंटने तोडलेले असतात, तिथे जोडाजवळ एक जड, बंद लोखंडी पेटी बसवलेली दिसते आणि तिच्यातून जाडजूड केबल दोन्ही रुळांना गेलेल्या असतात. हा इम्पीडन्स बाँड. इंजिनाची परतीची वीज दोन्ही रुळांतून सारखी येते, तिला तो वाट देतो आणि जोडाच्या पलीकडे पोचवतो. ट्रॅक सर्किटची वीज एका रुळातून दुसऱ्यात जाऊ पाहते, तिला अडवतो.

आणि ती चंदेरी कपाटं? त्यांना ‘लोकेशन बॉक्स’ म्हणतात. आजूबाजूच्या सिग्नल, सांधे आणि ट्रॅक सर्किटांच्या केबल त्यात येतात. आत रिले, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि जोडपट्ट्या असतात. कपाटावरचा क्रमांक वाचून काही कळत नाही. कपाटाच्या आसपास काय आहे ते पाहा, आत काय असेल ते लगेच उमजतं.

सांध्याजवळ

एक मार्ग फुटून दोन होतात तो सांधा. इथली मुख्य वस्तू म्हणजे लांब स्लीपरांवर बाहेरच्या बाजूला बसवलेली लोखंडी पेटी, पॉइंट मशीन. आत बहुधा ११० व्होल्टची मोटर असते. पेटीतून निघणाऱ्या कांबी मोजून पाहा. जाड कांब निमुळते हलणारे रूळ ढकलते. बारीक कांबी फक्त खात्री करण्यासाठी असतात: रूळ खरंच पूर्ण सरकला का, टेकला का? ही खात्री आणि आतलं कुलूप दोन्ही झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. तपासणीच्या वेळी कर्मचारी निमुळत्या रुळाच्या आणि मुख्य रुळाच्या मध्ये पाच मिलिमीटर जाडीची पट्टी घालून सांधा फिरवतात. एवढ्याशा अडथळ्यानेही यंत्राने ‘सांधा बसला’ असं सांगता कामा नये. पेटीवर कुलूपबंद झाकणाचं एक भोक असतं, वीज गेल्यावर हँडल घालून सांधा हाताने फिरवण्यासाठी.

पुढे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे ‘क्रॉसिंग’ आणि त्याच्या समोर बाहेरच्या रुळाला लागून आखूड ‘चेक रेल’. चाक क्रॉसिंगच्या फटीवरून जाताना भलत्या बाजूला वळू नये म्हणून तो चेक रेल त्याच्या जोडीदाराला धरून ठेवतो.

दोन मार्ग जिथे जवळ येतात तिथे मधल्या खडीत पांढरा रंगवलेला आडवा दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा असतो, बहुतेक वेळा ‘एफएम’ असं लिहिलेला. हा फाउलिंग मार्क. उभ्या गाडीचा कोणताही भाग याच्या पुढे आला तर शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या गाडीला तो घासेल. इतकी साधी वस्तू, पण लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या मार्गावर, गाडी ‘पूर्ण आत’ आली की नाही हे याच्यावरून ठरतं.

सांध्यासारखी दिसणारी पण सांधा नसलेली एक जागा आहे आणि तिथे बरेच जण फसतात. निर्जन भागात दोन निमुळते रूळ एकमेकांना लगटून गेलेले दिसतात, पण पॉइंट मशीन नाही आणि दुसरा मार्गही नाही. हा ‘एसईजे’, रूळ प्रसरण पावण्यासाठी ठेवलेला जोड. हल्ली रूळ वेल्डिंग करून लांबच लांब केलेले असतात. मोकळा सोडलेला एक किलोमीटरचा रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३४ सेंटिमीटर वाढेल. प्रत्यक्षात स्लीपर आणि खडी त्याला जखडून ठेवतात, म्हणून मधला भाग जागचा हलत नाही. टोकांपाशी मात्र थोडी हालचाल होते, ती या जोडात मुरते. जवळच खडीच्या बाहेर खुणेचे खुंट रोवलेले असतात. रूळ किती सरकला ते त्यांच्यावरून मोजतात. खडीचा ढीग इथे मुद्दाम भरगच्च असतो. खडी कमी झाली तर उन्हाळ्याच्या दुपारी रूळ वाकडा होऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत गस्त वाढवतात.

सिग्नलच्या खांबावरचं अक्षर

दिव्यांचे रंग सगळ्यांना माहीत असतात, खांबावरची गोल चकती फार थोडे जण वाचतात. खरं तर लाल दिव्यासमोर काय करायचं ते तीच सांगते.

चकतीच नसेल तर तो स्टेशनात शिरण्याचा (होम) किंवा तिथून निघण्याचा (स्टार्टर) यांसारखा सिग्नल. लाल असेल तर थांबायचं, आणि पुढे जायची अधिकृत परवानगी मिळेपर्यंत हलायचं नाही. पांढऱ्या चकतीवर इंग्रजी ‘ए’ असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. पुढच्या टुकड्यात गाडी आहे की नाही त्यावरून तो आपोआप बदलतो. तो लाल असला तर लोको पायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग समोर नजर ठेवून अगदी सावकाश पुढे निघतो. मुंबईच्या लोकल मार्गांवर हेच सिग्नल सर्वाधिक. लोकल लाल सिग्नलला थांबून थोड्या वेळाने लाल असतानाच सरकू लागते, ते याच नियमाने. पिवळ्या चकतीवर ‘जी’ असेल तर तो फाटकाचा सिग्नल, फाटक बंद असेल तरच सुटणारा. पांढऱ्या चकतीवर ‘पी’ म्हणजे डिस्टंट. तो फक्त पुढच्या सिग्नलची आगाऊ खबर देतो, म्हणून त्याला लाल दिवाच नसतो. ‘आयबी’ लिहिलेला सिग्नल दोन स्टेशनांमधल्या लांब अंतराचे दोन भाग पाडतो, म्हणजे एकामागे एक दोन गाड्या सोडता येतात.

खांबाच्या डोक्यावर तिरप्या रांगेत पाच पांढरे दिवे दिसले तर सांधा त्या बाजूला वळवलेला आहे. सरळ मार्गासाठी ते पेटत नाहीत. जमिनीलगतचा छोटा सिग्नल शंटिंगचा, म्हणजे स्टेशनात डबे-इंजिन इकडून तिकडे हलवण्याचा. दोन पांढरे दिवे आडवे असले तर थांबा, तिरपे झाले तर चला.

पाट्या

पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ किंवा इंग्रजी ‘डब्ल्यू/एल’: पुढे फाटक आहे, शिटी वाजवा. ही फाटकाच्या ६०० मीटर आधी असते. त्रिकोणी पिवळ्या पाटीवर आकडा म्हणजे पुढच्या टप्प्यात तेवढाच वेग. बंधन संपलं की गोल पाट्या येतात, ‘टी/पी’ प्रवासी गाडीसाठी आणि ‘टी/जी’ मालगाडीसाठी. दोन वेगळ्या जागा का? शेवटचा डबाही बंधनाच्या भागातून बाहेर पडायला हवा, आणि मालगाडी लांब असते. फलाटाजवळ १२ किंवा १५ आकडा असलेली पाटी तितक्या डब्यांच्या लोकलने कुठे थांबायचं ते दाखवते.

चढाची पाटी ओळखायला सोपी. छोट्या खांबाला तिरपा हात आणि त्यावर आकडा. १०० म्हणजे शंभर मीटर चालीला एक मीटर चढ. कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी या घाटांत हा आकडा ३७ पर्यंत येतो, तसाच गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कुळे–कॅसलरॉक घाटातही. वळणाच्या पाटीवर अंशांत वळण लिहिलेलं असतं. आपल्याकडे १७५० ला मीटरमधल्या त्रिज्येने भागलं की अंश मिळतात, म्हणजे ३५० मीटर त्रिज्येचं वळण पाच अंशांचं. वळणावर रुळाच्या आतल्या अंगाला रंगाने लिहिलेले आकडे बाहेरचा रूळ किती मिलिमीटर उंच ठेवला आहे ते सांगतात.

वर बघा

टीआरडीचा संसार डोक्यावर असतो. दोन मुख्य तारा असतात. वरची झोळ घेतलेली, खालची सरळ, आणि मध्ये उभ्या बारीक तारा. इंजिनाच्या छपरावरचा वीज घेणारा सांगाडा, म्हणजे पँटोग्राफ, फक्त खालच्या तारेला घासतो. वरची तार तिला तोलून धरते, म्हणून ती सरळ राहते.

दर काही अंतराने एखाद्या खांबावर मोठी कप्पी आणि तिला टांगलेली गोल लोखंडी वजनांची चळत दिसते. हिच्याकडे जरूर बघा. दोन्ही तारांना मिळून सुमारे दोन हजार किलोचा ताण लागतो. कप्प्यांची रचना एकास तीन असल्यामुळे ६६५ किलोचं वजन तो ताण देऊ शकतं. उन्हात तार लांबते आणि वजन खाली उतरतं. थंडीत तार आखडते, वजन वर चढतं. ताण मात्र तोच राहतो. टोकापासून मधल्या स्थिर बिंदूपर्यंत ७५० मीटर तार असेल तर तीस अंशांच्या फरकाने ती सुमारे ३८ सेंटिमीटर लांबते, आणि वजन त्याच्या तिप्पट, म्हणजे मीटरभराहून जास्त सरकतं. जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच खांबाकडे पाहून वजनाची जागा टिपा. फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

खांबाच्या टोकाजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असेल तर तो २५ हजार व्होल्टची वीज २४० व्होल्टवर आणून सिग्नलला किंवा फाटकाला देतो. खांबावर वरून खाली आलेला लोखंडी दांडा आणि त्याच्या तळाशी कुलूपबंद हँडल म्हणजे आयसोलेटर. दुरुस्तीसाठी तारेचा एक भाग वेगळा करण्याचं ते साधन. खांबावर रंगवलेला बाण जवळच्या आणीबाणीच्या टेलिफोन सॉकेटची दिशा दाखवतो. ती सॉकेटं साधारण किलोमीटरच्या अंतराने असतात. गाडी अडली की चालक दलाला फोन जोडून नियंत्रण कक्षाशी बोलता येतं.

‘५०० मीटर’, मग ‘२५० मीटर’, मग ‘डीजे ओपन’ आणि शेवटी ‘डीजे क्लोज’ अशा पाट्यांची माळ आली तर तिथे न्यूट्रल सेक्शन आहे. एका उपकेंद्राची वीज आणि पुढच्या उपकेंद्राची वीज वेगवेगळ्या फेजची असते, ती एकमेकींना भिडू नये म्हणून मधला छोटा भाग निर्जीव ठेवतात. लोको पायलट ‘डीजे’, म्हणजे इंजिनाची वीज तोडणारा मुख्य ब्रेकर उघडून गाडी वेगाच्या भरात पार करतो आणि मग पुन्हा जोडतो.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर उभी केलेली आडव्या पट्टीची कमानही विजेसाठीच आहे. तिची उंची ४.६७ मीटर. त्याहून उंच माल भरलेला ट्रक तिथेच अडतो, तारेपर्यंत पोचत नाही.

घाटातल्या आणि कोकणातल्या खास वस्तू

कर्जत–लोणावळा घाटात मुख्य मार्गातून फुटून थेट डोंगरावर चढणारा आणि तिथेच संपणारा मार्ग दिसतो. तो कॅच सायडिंग. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी त्यात वळते आणि चढावर तिचा वेग मरतो. याचा भाऊ स्लिप सायडिंग. स्टेशनातून उताराकडे घरंगळणारे डबे पुढच्या मार्गावर जाऊ नयेत म्हणून तो असतो. घाटातल्या तीव्र वळणांवर रुळाजवळ वंगणाची टाकी आणि रुळाच्या कडेला लागलेल्या पट्ट्या दिसल्या तर तो रेल ल्युब्रिकेटर. चाकाची कड रुळाला घासते तिथे तो वंगण लावतो. नाहीतर दोन्ही झपाट्याने झिजतात.

कोकण रेल्वेवर नजर खडकाळ उतारांवर बांधलेल्या पोलादी जाळ्यांकडे जाते. त्याहून वेगळी वस्तू उंच पुलांवर आहे. छोट्या वाट्यांचं फिरतं चक्र, म्हणजे वारा मोजणारं यंत्र. रत्नागिरी–निवसर दरम्यानचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल, गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांवरचे पूल आणि पुढे कर्नाटकात शरावतीवरचा पूल, या ठिकाणी ही यंत्रं बसवली आहेत. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाड्यांचा वेग कमी करतात, गरज पडल्यास वाहतूक थांबवतात. सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याच्या पातळीची सूचना देणारी यंत्रणा आहे. कोणत्याही पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आडव्या रेषाही वाचा. एक आजवरच्या सर्वोच्च पुराची, दुसरी धोक्याच्या पातळीची.

नव्याने दिसू लागलेल्या वस्तू

दोन रुळांच्या बरोबर मध्ये स्लीपरवर बसवलेली छोटी चपटी डबी, आणि तिला एकही तार नाही? तो गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेचा आरएफआयडी, म्हणजे रेडिओने वाचता येणारा टॅग. इंजिनाखालचा वाचक त्यावरून जाताना नेमकी जागा समजून घेतो. स्टेशनाजवळचा उंच मनोरा इंजिनाशी रेडिओवरून बोलतो. लाल सिग्नल ओलांडला जातोय किंवा वेग जास्त आहे असं दिसलं तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. मराठवाड्यातून मनमाड–परभणी–नांदेड मार्गाने सिकंदराबादकडे जाणाऱ्यांना हे टॅग पाहता येतील, कारण दक्षिण मध्य रेल्वेने कवच आधी ज्या मार्गांवर बसवलं त्यांत हा आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवर सिग्नलजवळ रुळाला लागून असलेली चुंबकाची पेटी मात्र वेगळ्या, जुन्या सावधगिरीच्या यंत्रणेची, म्हणजे ‘एडब्ल्यूएस’ची. तिला केबल असते, कारण सिग्नलचा रंग तिला कळावा लागतो.

रुळालगत ओळीने ठेवलेल्या पेट्या आणि शेजारी छोटी खोली दिसली तर ती धावत्या गाडीची तब्येत तपासणारी जागा असू शकते. काही पेट्या चाकांच्या धुऱ्यांच्या टोकांचे तापलेले ॲक्सल बॉक्स इन्फ्रारेडने पकडतात, काही बेअरिंगचा आवाज ऐकतात. रुळालाच सेन्सर लावलेले असतील तर चाकाचा सपाट झालेला भाग किती जोराने आपटतो ते मोजलं जातं. ही साधनं तीन खात्यांच्या वाटणीत बसत नाहीत. ती डबे-वॅगनवाल्यांसाठी काम करतात.

शेवटची पायरी: अनोळखी पेटीवर हे सगळं लावून पाहा

समजा दोन स्टेशनांच्या मध्ये, फाटकापासून जरा दूर, रुळाजवळ एक राखाडी पेटी दिसली. खांबाचा आकडा टिपला. पेटीतून दोन केबल निघून एकाच रुळाकडे गेल्या आहेत. रुळाला आतून-बाहेरून ठोकळे आहेत, म्हणजे इथे चाकं मोजली जातात. वीज परतवण्याची जाड केबल नाही, म्हणून टीआरडी बाद. मोजणी स्टेशनासाठी आहे की फाटकासाठी? पुढे पिवळ्या चकतीवर ‘जी’ लिहिलेला सिग्नल दिसतो का ते पाहा, आणि फाटकाच्या पलीकडे असेच ठोकळे आहेत का तेही. दोन्ही सापडले तर गाडी फाटक ओलांडून पूर्ण गेली की नाही हे मोजणारी ती जोडी असण्याची शक्यता जास्त. पलीकडे काहीच नसेल आणि जवळ ‘आयबी’ सिग्नल असेल, तर मोजणी त्या टप्प्याची.

वहीत चार गोष्टी लिहा: खांबाचा आकडा, वस्तू कशाला बांधली आहे, तारा किती आणि किती जाड, आणि दोन्ही बाजूंना पहिली ओळखीची वस्तू कोणती. पुढच्या वेळी उलट दिशेने जाताना दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसा. तारा कुठे शिरतात ते बहुतेक वेळा त्याच बाजूने दिसतं. आणि सुटलेली पट्टी, लोंबणारी तार किंवा तडकलेला रूळ असं काही दिसलं, तर त्याच आकड्यासह लगेच स्टेशन मास्तरांना किंवा १३९ वर कळवा.